साखर अर्धी केली की सरबत का फसफसतं?

एप्रिल संपता संपता कोकणात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकायला लागतात आणि त्याच सुमारास घरोघरी एक वाद सुरू होतो. एवढी साखर कशाला? एक किलो सालींना दोन किलो साखर हे अमृत कोकमाचं, म्हणजे कोकमाच्या गोड सरबताचं, जुनं प्रमाण ऐकलं की हल्ली कुणीही दचकतं. घरात कुणाला मधुमेह असतो, कुणाला वजनाची काळजी असते, शिवाय सरबत तसंही गोडमिट्ट लागतं. मग अर्धी घालू या, असं ठरतं. मे महिन्यात सगळं छान दिसतं. जुलैत झाकण फिरवलं की फस्सकन आवाज येतो, वर फेस दिसतो आणि वास ताडीच्या जातीचा येतो.

मग दोष हाताला जातो, बरणीला जातो, पावसाळी हवेला जातो. खरं कारण सोपं आहे: ती दोन किलो साखर चवीसाठी नव्हतीच. ती पाणी अडवून ठेवण्यासाठी होती. हे एकदा नीट कळलं की साखर कमी करताही येते, फक्त तिच्या जागी दुसरं काहीतरी उभं करावं लागतं.

आधी बिघडवतं कोण ते पाहू. पिकलेल्या फळाच्या सालीवर यीस्ट, म्हणजे आंबवणारे सूक्ष्म जीव, असतं, बुरशीचे बीजाणू असतात. फळ कितीही धुतलं तरी ते पूर्ण जात नाहीत. यीस्ट साखर खातं आणि त्यातून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करतं. झाकण फुगवणारा वायू हाच. पण खायला साखर असून भागत नाही. यीस्टलाही जगायला पाणी लागतं, आणि ते मोकळं पाणी लागतं. पाण्यात साखर विरघळली की पाण्याचे रेणू तिच्याशी गुंतून पडतात. पाणी बाटलीत असतं, पण यीस्टच्या वाट्याला येत नाही.

अमृत कोकमात हे डोळ्यांसमोर घडतं. घट्ट, लालबुंद रातांबे धुऊन, पुसून अर्धे कापतात. गर आणि बिया बाजूला काढतात, सालीच्या वाट्यांत साखर भरतात आणि त्या बरणीत थरावर थर रचतात. तोंडाला दादरा बांधून बरणी उन्हात ठेवली की दोन-तीन दिवसांत तळाशी लाल पाक जमायला लागतो. यात आपण पाण्याचा थेंबही घातलेला नसतो. साखर सालीतलं पाणी ओढून घेते आणि पाण्याबरोबर आंबटपणा, रंग, वास सगळं बाहेर येतं. ज्या ओढीनं सालीतला रस निघतो, त्याच ओढीनं यीस्टच्या पेशीतलं पाणीही निघून जातं. रस काढणं आणि टिकवणं ही इथे दोन कामं नाहीतच, एकाच कामाच्या दोन बाजू आहेत. ज्या कुणी हे प्रमाण बसवलं, त्यांना हा हिशेब शास्त्र म्हणून ठाऊक नसेल, पण तो चुकलेला नाही.

हिशेब करूनच पाहू. ताज्या सालीत ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे एक किलोत सुमारे ८०० ग्रॅम. त्यात दोन किलो साखर घातली तर मिश्रणात साखरेचा वाटा ७० टक्क्यांच्या वर जातो. नेहमीच्या तापमानाला पाण्यात जेमतेम ६७ टक्क्यांपर्यंत साखर विरघळते. म्हणून बरणीच्या तळाशी काही दिवस साखर तशीच बसलेली दिसते. जुनं प्रमाण म्हणजे 'पाणी घेऊ शकेल तेवढी, आणि वर थोडी'. आता साखर एक किलोवर आणा. वाटा येतो ५५ टक्क्यांवर. आकडा अजूनही भरपूर वाटतो, पण इथे पाण्याचा काही भाग पुन्हा मोकळा झालेला असतो आणि साधं यीस्टही त्यात तग धरू शकतं. फरक चवीला फारसा कळत नाही. यीस्टला मात्र नक्की कळतो.

जुन्या प्रमाणात आणखी एक गंमत दडलेली आहे. कोकमाच्या कडक आंबटपणात साधी साखर हळूहळू फुटते आणि तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. एका रेणूचे दोन झाले की तेवढ्याच वजनात पाणी जास्त अडतं. शिवाय अशा पाकात पुन्हा खडे धरत नाहीत. चांगलं मुरलेलं अमृत कोकम वर्षभर काचेसारखं स्वच्छ राहतं, ते यामुळे.

साखरेनंतर दुसरी गोष्ट आंबटपणा, आणि माझ्या मते तिला द्यावं तेवढं महत्त्व कुणी देत नाही. आंबटपणा सामूत, म्हणजेच पीएचमध्ये मोजतात. आकडा जितका लहान तितका पदार्थ आंबट. कोकम दोनच्या आसपास, लिंबू दोन-अडीच. कैरी, करवंद, आवळा हेही चांगलेच आंबट. अन्न टिकवण्याच्या शास्त्रात ४.६ हा आकडा महत्त्वाचा मानतात. त्याखाली क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू वाढत नाही. हा जिवाणू हवाबंद डब्यात, हवा नसतानाच वाढतो, जीवघेणं विष तयार करतो, आणि अन्नाच्या रंगावरून किंवा वासावरून तो ओळखता येईलच असं नाही. आंबट फळांचं सरबत बिघडलं तर फार तर फसफसेल, बुरशी येईल, बाटली फुटेल. ते दिसतं, कळतं. कमी आंबट रसाचं तसं नाही.

म्हणून कलिंगड, पपई, उसाचा रस, नारळपाणी यांना घरी बाटलीबंद करून कपाटात ठेवायच्या भानगडीत पडू नये. त्यांचा सामू पाचच्या घरात असतो. आमरस अधांतरी आहे: आंब्याची जात आणि तो किती पिकला यावर आकडा कधी चारच्या खाली राहतो, कधी साडेचारच्या पलीकडे जातो. आमरस टिकवायचाच असेल तर किलोला ५ ग्रॅमच्या आसपास सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे वाण्याकडे मिळणारं लिंबूसत्त्व, घालून तापवतात. पण डीप फ्रीझर असेल तर मी सरळ तोच रस्ता घेईन. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, फक्त थांबतात. पण फ्रीझरमध्ये वर्षभर थांबले तर आपलं काम झालं. डबा काठोकाठ भरू नका. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतं आणि काच तडकते.

तिसरी गोष्ट उष्णता. इथे घरोघरी उलटी चूक होते: कमी तापवण्याऐवजी फार तापवतात. रस वीस मिनिटं खळाखळा उकळला की करवंदाचा रंग मळकट होतो, वास उडतो आणि चवीला शिजकट कळा येते. आंबट रसाला एवढ्याची गरज नाही. ८० ते ८५ अंशांत यीस्ट, बुरशी आणि बहुतेक जिवाणू मरतात. मागे उरलेले चिवट बीजाणू आंबटपणामुळे वर येऊ शकत नाहीत. पहिले बुडबुडे काठाला दिसू लागतात तो टप्पा पुरे. दोनशे-तीनशे रुपयांचा स्वयंपाकाचा थर्मामीटर घेतलात तर अंदाजावर राहावं लागणार नाही.

पण तापवून झाल्यावर बाटलीत पुन्हा काही शिरलं तर सगळं मुसळ केरात. बाटल्या उकळत्या पाण्यातून काढून गरम असतानाच भरायच्या, कारण गार काचेत गरम रस ओतला की तडा ठरलेला. वर बोटभर जागा ठेवायची, झाकण घट्ट लावायचं आणि दोन-तीन मिनिटं बाटली आडवी करायची, म्हणजे गरम रस झाकणाच्या आतल्या बाजूलाही लागतो. दुसरी पद्धत, आधी भरून मग तापवायची: मोठ्या पातेल्यात तळाला फडकं, त्यावर भरलेल्या बाटल्या, मानेपर्यंत पाणी, आणि ८०-८५ अंशांवर अर्धा तास. फ्रान्समधल्या निकोला आपेर या हलवायाने जवळपास हेच केलं होतं. बुचानं बंद केलेल्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवून अन्न टिकवण्याची आपली पद्धत त्याने १८१० मध्ये प्रसिद्ध केली. ती का चालते हे त्यालाही सांगता येत नव्हतं. त्याचं उत्तर पाश्चरकडून यायला आणखी पन्नास वर्षं लागली.

तर एकूण गणित असं. साखर, आंबटपणा, उष्णता, हवाबंद झाकण. यातलं एक ढिलं केलं तर दुसरं आवळायला हवं. अमृत कोकमात साखर आणि आंबटपणा दोन्ही टोकाला असल्यामुळे ते न तापवताही टिकतं. जांभळाच्या रसाला ती सवलत नाही. कारखान्यांसाठी भारतात जे नियम आहेत त्यातही हाच तर्क दिसतो. फळाच्या सिरपमध्ये विरघळलेले घटक, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ६५ टक्के असावे लागतात, क्रशमध्ये ५५ आणि स्क्वॉशमध्ये ४०. सिरपकडून स्क्वॉशकडे जाऊ तसं साखर नुसती पुरत नाही आणि परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) किंवा उष्णता आणावी लागते.

हा आकडा घरी काढायला यंत्र लागत नाही, तराजू लागतो. करवंदाचा एक किलो रस घेतला, त्यात त्याची स्वतःची साखर दहा टक्के धरली, तर दीड किलो साखर घातल्यावर अडीच किलोत १.६ किलो, म्हणजे ६४ टक्के. रसाएवढीच साखर घातली तर ५५. वाटीनं मोजू नका. वाटीभर साखर आणि वाटीभर रस यांचं वजन सारखं नसतं, आणि अंदाजातला सगळा घोळ इथेच होतो. करवंदांचा चीक जायला ती आधी मीठ घातलेल्या पाण्यात ठेवून चांगली धुवायची, हे जाता जाता.

गूळ घातला म्हणजे साखर टळली, हाही एक लाडका गैरसमज. गूळ म्हणजे बहुतांश साखरच, वर त्यात स्वतःचा ओलावा, थोडी माती आणि करताना घातलेल्या चुन्याचा अंश. चवीला गुळाच्या पन्ह्याला तोड नाही हे मान्य, पण ते फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवायचं पन्हं आहे. दिवाळीपर्यंत नेण्याचं नव्हे.

आता परिरक्षक. नाव काढलं की लोक तोंड वाकडं करतात, म्हणून आधी एक माहिती. रशिया आणि स्कँडिनेव्हियात थंडीसाठी रानफळांची पेयं साठवायची मोठी परंपरा आहे. रशियात फळं पाकात शिजवून बरण्या बंद करतात तो कंपोट, आणि आंबट बेरींचं मोर्स. स्वीडनमध्ये लिंगनबेरी नावाची लाल रानफळं नुसत्या पाण्यात बुडवून ठेवायचे, साखरेशिवाय, आणि ती हिवाळाभर टिकायची. याचं कारण त्या फळांतच बेन्झोइक आम्ल भरपूर असतं. क्रॅनबेरीतही असतं. आपण पुडीतून जे सोडियम बेन्झोएट घालतो, त्यातून आंबट रसात तयार होतं ते हेच आम्ल. रसायन म्हणून घाबरण्यापेक्षा प्रमाण पाळणं शहाणपणाचं.

घरगुती सरबतांसाठी दोन परिरक्षक चालतात आणि कुठे कोणतं, हे फळाच्या रंगावर ठरतं. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, ज्याला सगळे केएमएस म्हणतात, त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो. तो यीस्ट-बुरशी रोखतो आणि रस काळवंडू देत नाही, पण लाल-जांभळ्या रंगाला फिका पाडतो. म्हणून लिंबू, कैरी, आवळा, संत्रं यांना केएमएस आणि कोकम, जांभूळ, करवंद यांना सोडियम बेन्झोएट. आवळ्या-लिंबाला बेन्झोएट टाळायचं आणखी एक कारण आहे: क जीवनसत्त्वाबरोबर त्यातून बेन्झिनचा अंश तयार होऊ शकतो. प्रमाण किलोला केएमएस ०.६ ग्रॅम, बेन्झोएट ०.७ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एवढंसं मोजता येत नाही, तेव्हा पाच किलोचं सरबत एकदम करून तीन-साडेतीन ग्रॅम मोजणं बरं. चमच्याच्या टोकावर अंदाज नको. पावडर आधी थोड्या रसात विरघळवायची आणि केएमएस तर रस निवल्यावरच घालायचं, गरम रसातून त्याचा वायू उडून जातो. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो. घरात कुणी असेल तर केएमएस नको.

बेन्झोएटबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: ते आंबट रसातच काम करतं. सामू चारच्या वर गेला की त्याचा जोर ओसरतो. गोड, कमी आंबट रसात 'जास्त दिवस टिकावं' म्हणून दुप्पट बेन्झोएट घालण्यापेक्षा थोडं लिंबूसत्त्व घातलं तर जास्त उपयोग होतो.

थंडीत आपल्याकडे उलटा हंगाम असतो. आवळा, बोरं, नागपुरी संत्री तेव्हा येतात आणि पेयं साठवायची ती उन्हाळ्यासाठी. संत्र्याच्या बाबतीत एक खबरदारी: काढताना गोड असलेला रस ठेवल्यावर किंवा तापवल्यावर कडू होतो. बिया आणि पांढरा पापुद्रा चिरडला गेला की त्यातून लिमोनिन नावाचा कडू घटक तयार होतो आणि त्याची चव उशिरा कळते. म्हणून फोडी सोलून, बिया काढून, हलक्या हातानं रस काढायचा. मिक्सरमध्ये सगळंच फिरवलं तर मार्चमध्ये पश्चात्ताप होईल. युरोपात राहणारे आपले लोक शरद ऋतूत बेरी तोडायला जातात, त्यांच्यासाठी एवढंच: एल्डरबेरी कच्ची खाऊ नये, तिचा रस कच्चा बाटलीत भरू नये, शिजवूनच वापरावी.

भांडी स्टीलची, काचेची किंवा चिनीमातीची. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ, लोखंड यांना कोकम खातं आणि ते आपल्या पोटात येतं.

बिघडलं हे कसं ओळखायचं? बुडबुडे, फस्स आवाज, फुगलेलं झाकण, आंबूस-दारूसारखा वास ही यीस्टची खूण. अशी काचेची बाटली जपून उघडा, आत दाब असतो. वरचा फेस काढून, उकळून वापरू असं करू नका. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच काढून भागत नाही, तिचे तंतू आणि विषारी अंश खाली उतरलेले असू शकतात, सगळं टाका. बुरशी नेहमी पृष्ठभागावर आणि झाकणापाशीच का येते? बाटली फ्रिजमधून आत-बाहेर केली की झाकणाखाली दव जमतं, ते पाकावर ठिबकतं आणि वरचा पातळ थर सौम्य होतो. खालचं सरबत ६५ टक्क्यांचं, वरचं केसभर ३० टक्क्यांचं. ओला चमचा बुडवला की तेच. याउलट, तळाशी साखरेचे खडे किंवा कोकमाचा लाल रंग महिन्यांनी थोडा तपकिरी होणं हे बिघडणं नव्हे. रंग उजेडानं आणि उकाड्यानं उतरतो; अंधाऱ्या, गार जागी तो जास्त दिवस राहतो.

राहता राहिला मूळ प्रश्न, साखर खरंच कमी करायची त्यांनी काय करावं. सरबताला पाणी घातलं की सगळं संरक्षण संपतं, ते त्याच दिवशी प्यायचं. पण मग साखर साठवणीतच कशाला हवी, ती पेल्यात आपल्या मापाने घालता येईल की! कोकणात याचा तोडगा आधीपासून आहे: आगळ. पिकलेल्या रातांब्यांचा रस साखरेऐवजी मिठात ठेवतात, साधारण १५ ते २० टक्के मीठ. साखर ६७ टक्के लागते तिथे मीठ एवढ्या थोडक्यात कसं भागवतं? मिठाचे कण साखरेच्या रेणूपेक्षा फार लहान, आणि पाण्यात प्रत्येकाचे दोन भाग होतात. म्हणजे ग्रॅममागे पाणी अडवणारे हात कितीतरी जास्त. अठरा-एकोणीस टक्के मीठ जवळपास तेवढंच पाणी अडवतं, जेवढं गच्च साखरेचा पाक अडवतो.

या आगळाची सोलकढी होते आणि सरबतही झकास लागतं. पण मीठ विसरू नका. मोठा चमचाभर आगळात दोन-अडीच ग्रॅम मीठ असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मधुमेह्याने साखर टाळून आगळाचे दोन पेले प्यावेत यात काही अर्थ नाही. त्यांच्यासाठी आमसुलंच बरी. ती सुकवून टिकवलेली असतात, त्यामुळे त्यांना टिकायला साखर लागत नाही. पाच-सहा आमसुलं तासभर कोमट पाण्यात भिजवायची, कुस्करायची, गाळायची, जिऱ्याची पूड घालायची. फक्त बाजारात बरीचशी आमसुलं मीठ लावूनच सुकवलेली असतात. घेताना बिनमिठाची मागा आणि दुकानात एक तुकडा चाखून बघा.